होई आनमध्ये आधी शिंपी, मग समुद्र

व्हिएतनाममधलं होई आन हे शिंप्यांचं गाव. तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी समुद्रावर जाऊ नका. बॅग खोलीवर टाका, तोंडावर पाणी मारा आणि थेट शिंप्याकडे जा. समुद्र चौथ्या दिवशीही तिथेच असतो, पण उंडारण्यात पहिले दोन दिवस घालवलेत तर चौथ्या दिवशी कोटाचा खांदा दुरुस्त करायला वेळ उरत नाही. मी पहिल्या खेपेला नेमकं उलटं केलं होतं. तो कोट अजून कपाटात आहे. त्यात मी हात वर करू शकत नाही.

आई घरी शिवणकाम करायची, त्यामुळे कपड्याकडे आतल्या बाजूने बघायची सवय मला लहानपणापासून आहे. तुम्हाला ती नसली तरी चालेल. खाली लिहिलंय तेवढं लक्षात ठेवलंत, तर पाठीवर बॅग टाकून आलेल्या माणसालाही इथून चार धड कपडे घेऊन जाता येतात.

आधी गाव समजून घ्या

व्हिएतनामच्या मध्यभागी थु बोन नदी समुद्राला मिळते, तिच्या मुखाजवळ हे गाव आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकात हे मोठं बंदर होतं आणि युरोपी व्यापारी त्याला फायफो म्हणत. जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांनी इथे पेठा वसवल्या. रेशीम आणि चिनी मातीची भांडी इथून जहाजांवर चढत. मग नदी गाळाने भरत गेली आणि व्यापार उत्तरेला दा नांगकडे सरकला. आपल्याकडे चौलची जी गत झाली तशीच काहीशी. फरक एवढाच की इथली लाकडी घरं, चिनी सभागृहं आणि जपानी पूल उभे राहिले, कारण पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. १९९९ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा ठरवलं. पुढे पर्यटक वाढले तशी शिंप्यांची दुकानं वाढली. आज ती शेकड्यांनी मोजावी लागतात.

पहिली पायरी: महिना आणि व्हिसा

फेब्रुवारी ते मे हा काळ सगळ्यात बरा. जून ते ऑगस्ट समुद्र छान असतो, पण दुपारी ऊन अंगावर येतं आणि लोकरी कोट घालून आरशासमोर उभं राहणं ही शिक्षा वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. आपल्याला पाऊस म्हटला की जून-जुलै आठवतो, इथे मात्र तो दिवाळीच्या आगेमागे कोसळतो आणि नदी गल्ल्यांमधून वाहायला लागते. जुन्या घरांतून कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा करून ठेवल्या आहेत. १९६४ चा पूर लोक अजून सांगतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीसही गावात होड्या फिरत होत्या. शिवाय जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यात कधीतरी त्यांचं नवं वर्ष, तेत, येतं. त्या आठवड्यात कारागीर आपापल्या गावी जातात. तेव्हा कपडे शिवायचा विचारही करू नका.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा असतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचे ५० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. हुबेहूब तसंच दिसणाऱ्या दलालांच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात. अर्जातलं नाव पासपोर्टवरच्यासारखंच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायची सवय असते, तिथे बरेच जण अडकतात.

दुसरी पायरी: पोचायचं कसं

होई आनला विमानतळ नाही आणि रेल्वे स्टेशनही नाही. दोन्ही दा नांगला, सुमारे ३० किलोमीटरवर. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत. तिथून दा नांगचं देशांतर्गत विमान घ्या, नाहीतर वेळ असेल तर रेल्वे. घाई नसेल तर ह्युए ते दा नांग हा तुकडा तरी रेल्वेनेच करा. हाय वान घाटात गाडी डोंगर आणि समुद्र यांच्या मधून वळणं घेत जाते. समुद्राकडच्या खिडकीसाठी मी एका आजोबांशी शेंगदाण्यांच्या पुडीच्या बदल्यात जागा बदलली होती.

दा नांगहून ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवरून गाडी बोलवा. तीन-चार लाख डाँगच्या आसपास पडते. आकडा ऐकून घाबरू नका. हजार डाँग म्हणजे साधारण साडेतीन रुपये, असा हिशेब डोक्यात बसवा. लाख म्हणजे साडेतीनशे. नोटांकडे मात्र लक्ष ठेवा. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर असतात आणि रात्रीच्या दिव्यात सारख्याच दिसतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. वीस हजारांच्या नोटेवर इथलाच जपानी पूल छापलेला आहे, तीही एक खूण.

लांबून येणाऱ्या झोपायच्या बस थेट होई आनपर्यंत येतात. कोकणात रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांना त्यात नवं काही वाटणार नाही. चढताना चपला काढून पिशवीत घालायच्या, एवढंच.

तिसरी पायरी: कुठे राहायचं

जुन्या गावात राहू नका. महाग पडतं. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये भातशेतीचा पट्टा आहे, तिथली होमस्टे किंवा हॉस्टेलं घ्या. हॉस्टेलातला एक पलंग पाचशे ते नऊशे रुपयांत मिळतो आणि सायकल बहुतेक ठिकाणी फुकट किंवा किरकोळ भाड्याने. एका बाजूला गाव दहा मिनिटं, दुसऱ्या बाजूला समुद्र दहा मिनिटं. शिंप्याकडे तुम्हाला तीन-चार फेऱ्या मारायच्या आहेत, म्हणून हे गणित महत्त्वाचं. सपाट गाव आहे. सायकल पुरे, स्कूटरच्या भानगडीत पडू नका. आपला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

चौथी पायरी: शिंपी

इथे जरा थांबून वाचा.

घरून निघतानाच एक काम करा. जो शर्ट, जी पँट, जो कुर्ता तुम्हाला नीट बसतो तो बॅगेत टाका. नमुन्याचा कपडा समोर ठेवला की अर्धी भाषा वाचते. मोबाइलमधले फोटो कामाचे आहेत, पण फोटोतल्या मुलीचे खांदे तुमचे नसतात. पँट शिवायची असेल तर तिच्यावर जे बूट घालणार तेही न्या, नाहीतर लांबी चुकते. बायकांनी ज्या अंतर्वस्त्रांवर कपडा घालणार तीच घालून माप द्यावं. हे कुणी सांगत नाही आणि त्यामुळेच ड्रेस छातीत बिघडतात.

दुकान कसं निवडायचं? ग्रॅबवाला, हॉस्टेलच्या काउंटरवरचा मुलगा, पुलावर "कुठून आलात?" विचारणारी हसतमुख बाई, यांतल्या कुणी "माझ्या मावशीचं दुकान" सांगितलं तर त्यात कमिशन धरलेलं असतं. वाईट असेलच असं नाही, पण ते पैसे तुमच्या बिलातून जातात. मी स्वतः काय करते ते सांगते. दुकानात शिरल्यावर पुतळ्यावरचा कोट बघत नाही. आज गिऱ्हाइकाला द्यायला तयार असलेला एखादा कपडा दाखवा म्हणते आणि तो उलटा करते. आतली शिवण सरळ आहे का, दोरे लोंबताहेत का, चौकटीच्या कापडावर रेघा शिवणीपाशी जुळल्यात का, काजं हाताने केलीत की यंत्राने. आणि शेवटी शिवणीत माया किती सोडलीय. आपल्याकडे शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. पँटच्या मागच्या शिवणीत बोटभर माया असेल तर दोन वर्षांनी पोट सुटलं तरी ती पँट उसवून सैल करता येते. घाईत शिवलेल्या कपड्यात माया नसते. ऑर्डर देताना ती मागून घ्या. हातवारे करून सांगितलं तरी कळतं.

दुसरी गोष्ट, बहुतेक दुकानांत कपडे शिवले जात नाहीत. पुढे माप घेणाऱ्या मुली असतात, शिवणारे गावाबाहेरच्या वर्कशॉपमध्ये. संध्याकाळी मापाची चिठ्ठी आणि कापड स्कूटरवरून तिकडे जातं. म्हणजे जो माणूस तुमचा कोट कापणार त्याने तुम्हाला कधी पाहिलेलंच नाही! त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे ती चिठ्ठी. म्हणून तोंडी ठरलेलं सगळं तिच्यावर उतरवून घ्या: बटणं किती, खिसे तिरके की सरळ, अस्तर कुठलं, बाही कुठवर, पहिली ट्रायल कधी, दुसरी कधी. चित्र काढलंत तर उत्तम. मग चिठ्ठीचा आणि निवडलेल्या कापडाच्या कडेचा फोटो काढून ठेवा. कापड बदललं जातं, कधी मुद्दाम, कधी ढिगात गोंधळ होऊन.

कापडाबद्दल कुणीही काहीही म्हणो, एक धागा ओढून काडीने जाळून बघू द्या म्हणा. रेशीम किंवा लोकर असेल तर जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. "शुद्ध काश्मिरी लोकर" म्हणून दाखवलेल्या कापडाचा असा मणी झालेला मी पाहिलाय. दुकानदारीण माझ्याकडे बघून हसली आणि निमूटपणे दुसरा तागा काढला. मिश्र कापड वाईट नसतं, प्रवासात कमी चुरगळतं, फक्त भाव मिश्राचा द्या. सुती आणि लिनन पाण्यातून काढून मगच शिवायला सांगा. नाहीतर पहिल्या धुण्याला बाही मनगट सोडते.

साधा शर्ट वीस ते चाळीस डॉलर, सूट शंभरापासून तीनशेच्या पुढेही. शंभराच्या आसपासचा सूट चोवीस तासांत मिळतो, तो बकरम (कोटाला आतून ताठपणा देणारं कापड) गोंदाने चिकटवलेला. काही धुलाईंनंतर कोटाच्या छातीवर फुगे येऊ शकतात. एकदा लग्नात घालून विसरून जायचा असेल तर घ्या. घासाघीस चालते, पण शिलाई पाडून मागितलीत की कात्री कापडावर चालते, हे लक्षात असू द्या. एकाच दुकानात तीन कपडे टाकून तिन्हीवर मिळून भाव करणं जास्त सोपं. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका.

पहिल्याच दिवशी सगळी ऑर्डर देऊ नका. एक शर्ट टाका. तो बरा झाला तर कोट आणि बाकीचं. यासाठी किमान चार पूर्ण दिवस लागतात, पाच असतील तर निवांत.

ट्रायलच्या वेळी लाजू नका. पहिल्या ट्रायलला कोट कच्च्या टाक्यांत असतो आणि खडूच्या रेघांनी भरलेला. तेव्हा खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, बघा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडापाशी संपायला हवी. दोन्ही हात वर करा. अख्खा कोट हातांबरोबर वर आला तर मुंढा खोल कापलाय. माझ्या कपाटातल्या कोटाला हेच झालंय. मी ट्रायलला हात खाली सोडून फोटोत उभी राहिल्यासारखी उभी राहिले, मुलगी म्हणाली "सुंदर!", मीही मान डोलावली. बिघडलेलं मला कळलं ते विमानात बॅग वर ठेवताना. खोल गेलेला मुंढा आणि रुंद झालेला खांदा नंतर जवळजवळ दुरुस्त होत नाही. कंबर, बाहीची लांबी, पँटची लांबी हे सगळं शेवटच्या दिवशीही होतं. म्हणून आधी अवघड गोष्टींवर बोला. कॉलरखाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर तीही दाखवा. कॉलर उसवून खाली घेता येते. खाली बसून बघा, हाताची घडी घाला, मोबाइल खिशात टाका. आरशात पाठ दिसत नाही, कुणाला तरी फोटो काढायला सांगा.

काय शिवायचं? कोट, शर्ट, पँट, लिननचे ड्रेस, साधे कुर्ते. व्हिएतनामी आओ झाय (दक्षिणेकडे आओ याय म्हणतात), म्हणजे लांब चिरांचा अंगरखा आणि सैल पायजमा, ही त्यांच्या हाताची चीज आहे आणि आपल्याला बसतोही छान. साडीचा ब्लाउज मात्र तिथे शिवू नका. मी शिवून बघितला. गळा इतका सभ्य आणि कटोरीची जागा इतकी चुकलेली, की आईने तो बघून फक्त "अगं बाई" म्हटलं आणि उसवायला बसली.

पाचवी पायरी: दोन ट्रायलच्या मधले दिवस

आता समुद्र. अन बांग किनारा गावापासून चार-पाच किलोमीटर. भातशेतीतून सायकल मारत जाता येतं. वाटेत त्रा क्वे नावाचं भाजीचं गाव लागतं. तिथे वाफ्यांतून पुदिना आणि तुळशीच्या जातीच्या पाल्याचा वास येतो. किनाऱ्यावरच्या आरामखुर्च्यांचा दर आधी विचारा. समोरच्या झोपडीत काही खाल्लं-प्यायलं तर खुर्ची बहुधा फुकट. जवळच्या कुआ दाई किनाऱ्याची बरीच वाळू समुद्राने ओढून नेली आहे, तिथे वाळूच्या पोत्यांचे बांध दिसतील. तिथूनच कु लाओ चाम बेटांना स्पीडबोटी सुटतात. या बेटांवर २००९ पासून प्लास्टिकच्या पिशव्या नेता येत नाहीत.

गावात पहाटे सहाला जा. पिवळ्या भिंती, बंद दुकानं, झाडू मारणाऱ्या बायका आणि नदीकाठी मासळीबाजार. त्या वेळी गाव गावाचं असतं. संध्याकाळी सातला ते फोटोवाल्यांचं. जुन्या घरांसाठी आणि सभागृहांसाठी एकत्र तिकीट काढावं लागतं. एका तिकिटात मोजक्याच जागा बघता येतात, तेव्हा फुजियानी सभागृह, एखादं जुनं व्यापारी घर असं ठरवून जा. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. सुंदर दिसतं, गर्दी गणेशोत्सवातल्या पुण्यासारखी. नदीत सोडायला कागदी दिवे विकत देणारी मुलं मागे लागतात. तो दिवा शेवटी नदीतला कचराच होतो, मी घेत नाही.

खाण्याचं. काउ लाउ हे इथलंच: जाड, जरा चिवट शेवया, डुकराचं मांस, पाला आणि अगदी थोडा रस्सा. शाकाहारी असाल तर एक वाक्य पाठ करा, "तोय आन चाय". चाय म्हणजे शाकाहारी. गरम चहा हवा म्हणून "चाय, चाय" करत राहिलात तर समोर टोफूची थाळी येईल. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण न्युओक माम, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, जवळजवळ सगळ्यात पडतं. "चाय" पाटी असलेल्या खानावळी शोधा. त्यांच्या चांद्रमासाचा पहिला आणि पंधरावा या दोन दिवशी बरेच स्थानिक लोक शाकाहार पाळतात, तेव्हा एरवी मांस विकणाऱ्या गाड्यांवरही चाय मिळतं. आपल्या एकादशीसारखंच, फक्त साबुदाणा नाही.

एक सकाळ "मी सन" नावाच्या जागेला द्या. गावापासून सुमारे ४० किलोमीटर, डोंगरांच्या कुशीत चाम राजांची, म्हणजे इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची, विटांची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर नावाने लिंग स्थापलं. संस्कृत शिलालेख आहेत. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बनी मोठा भाग उद्ध्वस्त केला, त्याचे खड्डे अजून दिसतात. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काही मंदिरगटांची डागडुजी केली आणि २०२० मध्ये त्या कामात अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. बाकीचे पर्यटक "लिंग म्हणजे काय" हे गाइडकडून ऐकत असताना आपण योनिपीठाचं पाणी कुठल्या बाजूने वाहतं ते बघत असतो. सकाळी सातच्या आत पोचा, नऊनंतर विटा तापतात. दुपारची ट्रायल दुकानात आधी सांगून चारनंतर ठेवा.

सहावी पायरी: शेवटचा दिवस

कपडे हातात घ्यायची वेळ बसच्या किंवा विमानाच्या आदल्या संध्याकाळची ठरवा, त्याच सकाळची नको. दुकानात प्रत्येक कपडा पुन्हा घालून बघा, दोन दिवसांपूर्वी बसला होता म्हणून सोडू नका. चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर उघडून एकेक ओळ तपासा. उरलेले पैसे त्यानंतर. दुकानवाले जहाजाने किंवा विमानाने पार्सल पाठवू म्हणतात. मी सोबतच नेते, कारण न आलेल्या पार्सलसाठी भांडायला कुणी पुन्हा होई आनला जात नाही. कोट उलटा करून, एक खांदा दुसऱ्यात घालून, मधे टीशर्टांची गुंडाळी ठेवून दुमडला की बॅगेत कमी चुरगळतो.

आणि उरलेलं कापड मागा. अस्तराचा तुकडा, कोटाच्या कापडाची वीतभर पट्टी, दोन जादा बटणं. दुकानातली मुलगी आधी चकित होईल, मग मागे जाऊन पिशवी शोधेल. मी घरी पोचले तेव्हा आईने कोट बाजूला ठेवला आणि आधी ती पिशवी उघडली.